काल चालू होता, आज ‘नो बूटेबल डिव्हाइस’: बूटची नोंद विसरणाऱ्या लॅपटॉपचं काय करायचं

“दादा, ते काळं परत आलं.”

अभ्यासिकेतून हा फोन दिवाळीनंतरच्या तीन आठवड्यांत मला पाच वेळा आला. पाचही वेळा लॅपटॉप तेच दोन. शेवटी एक रविवार त्यांच्यासमोर बसून काढला, तेव्हा कुठे मूळ सापडलं. हीच तक्रार वेगवेगळ्या मेकच्या मशीनवर इतरांचीही ऐकली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आमच्या लॅपटॉपचा मेक लिहीत नाही. हा आजार एका कंपनीचा नाही.

आधी मशीनबद्दल. वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सहा जुने ऑफिसचे लॅपटॉप आणले होते, सगळे एकाच मॉडेलचे, इंटेल सहाव्या पिढीचे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे (मोजके अपवाद सोडले तर) इंटेलच्या आठव्या पिढीखाली उतरत नाही. एमपीएससीच्या मुलांना ब्राउझर आणि पीडीएफ एवढंच लागतं. म्हणून सहाही लॅपटॉपवर विंडोज पुसून डेबियन १३ (मोफत मिळणारी लिनक्स सिस्टिम) टाकलं. चार सुरळीत चालले. दोघांचं मात्र असं, की इन्स्टॉल शेवटपर्यंत विनातक्रार, पहिलं रीस्टार्ट झकास, दिवसभर मुलं वापरतात, आणि रात्री वॉचमन काकांनी मेन स्विच बंद केला की सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: नो बूटेबल डिव्हाइस फाउंड.

मी पहिल्यांदा एसएसडीवर संशय घेतला. जुना माल, दुसरं काय सुचणार? डिस्कची तब्येत तपासली तर ठणठणीत. तरी दोनदा नव्याने इन्स्टॉल केलं, दर वेळी पाऊण तास. तिसऱ्यांदा पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरूनच चालणारी) उघडून सहज डिस्क बघितली, तर सगळ्या फाइली जागच्या जागी. मुलांनी उतरवलेल्या प्रश्नपत्रिकासुद्धा. म्हणजे डेबियन गेलंच नव्हतं. ते कुठे आहे हे लॅपटॉप विसरला होता.

हे विसरणं समजायला यूईएफआय (मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणारं, मदरबोर्डवरचं फर्मवेअर; जुन्या बायोसच्या जागी आलेलं) कसं काम करतं ते थोडं बघावं लागेल. जुन्या बायोसमध्ये भानगड नव्हती. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलायचा आणि चालवायचा. यूईएफआयमध्ये डिस्कवर फॅट३२ चं एक छोटं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचं फोल्डर आणि फोल्डरात तिची बूट फाइल. पण त्यांतली कुठली फाइल चालवायची हे डिस्कवर लिहिलेलं नसतं. ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, एनव्हीरॅममध्ये, नोंदींच्या रूपात असतं: ‘बूट००००’, ‘बूट०००१’ अशा नोंदी आणि त्यांचा क्रम सांगणारी ‘बूटऑर्डर’ नावाची आणखी एक. इन्स्टॉलर शेवटच्या पायरीला दोन कामं करतो. फाइल डिस्कवर ठेवतो आणि चिपमध्ये तिची नोंद करतो. पहिलं काम त्याच्या हातात आहे. दुसरं फर्मवेअरच्या मर्जीवर.

आणि ही मर्जी भरवशाची नसते. काही फर्मवेअर दर वेळी चालू होताना नोंदींची यादी नव्याने बांधतात आणि जी ओळखीची वाटत नाही ती गाळून टाकतात. काही फर्मवेअर, त्यांच्या सेटअपमध्ये (सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन ‘सेव्ह अँड एक्झिट’ केलं की विंडोजला पुन्हा पहिल्या नंबरवर बसवतात. आमच्या दोघांना निमित्त पुरायचं ते पूर्ण वीज तुटण्याचं. बॅटऱ्या मेल्यात जमा होत्या, त्यामुळे मेन स्विच बंद म्हणजे लॅपटॉपला थेंबभरही वीज नाही.

आधी खात्री करा, मग हात घाला

लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेनूत पेनड्राइव्ह बहुधा दोनदा दिसतो: एकदा नुसता आणि एकदा नावामागे ‘यूईएफआय’ लावून. दुसरा निवडा. निम्मी मंडळी इथेच चुकतात. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झाला तर एनव्हीरॅमच्या नोंदी दिसणारच नाहीत, आणि त्या अवस्थेत केलेलं इन्स्टॉलही जुन्या पद्धतीचंच होईल.

टर्मिनलमध्ये रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा द्या (लहान रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता). ही नसेल तर त्याच नावाचं पॅकेज टाका. आमच्या चांगल्या लॅपटॉपवर चार नोंदी दिसत होत्या: डेबियन, यूएसबी, नेटवर्क आणि डीव्हीडी. रोगी लॅपटॉपवर तीनच. डेबियनची ओळ नव्हती, आणि बूटऑर्डरमध्ये तिचा नंबरही नव्हता. मी त्याच आज्ञेने नोंद पुन्हा घातली. लगेच रीस्टार्ट केलं, चाललं. मग चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून चहा पिऊन आलो, पुन्हा लावलं, नोंद गायब. तासाभरात तीनदा हाच खेळ केला आणि तिन्ही वेळा तेच झालं. तेव्हा मात्र डोक्यातून एसएसडी, रॅम, डेबियन हे सगळे संशयित बाद झाले.

तुमच्याकडे नोंद टिकत असेल आणि तरी बूट होत नसेल, तर तुमचा आजार वेगळा आहे. पुढचा उपाय करू नका, खाली ‘तोंडावळा सारखा’ बघा.

उपाय: नोंदीची गरजच ठेवू नका

चिपमध्ये एकही नोंद नसेल तर फर्मवेअर काय करतं? पेनड्राइव्ह नोंदीशिवाय कसा चालतो? यूईएफआयच्या नियमात एक ठरलेला पत्ता आहे: ‘ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय’. नोंद सापडली नाही तर डिस्कवर या पत्त्यावर बघायचं. मुळात ही सोय काढता-घालता येणाऱ्या डिस्कसाठी होती, पण बहुतेक फर्मवेअर आतल्या डिस्कवरही तिथे डोकावतात. डेबियन मात्र नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये स्वतःची फाइल फक्त ‘ईएफआय\डेबियन’ फोल्डरात ठेवतं, आणि ते नियमाला धरूनच आहे. हा सगळ्यांच्या सामाईक वापराचा पत्ता, त्यावर कुणी एकाने कब्जा करू नये. सभ्य वागण्याची ही शिक्षा.

हे काम करायला डेबियनच्याच इन्स्टॉलरमध्ये तयार सोय आहे. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘रेस्क्यू मोड’ घ्या. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क हे नेहमीचे प्रश्न येतील. मग रूट पार्टिशन (डेबियन जिथे टाकलंय ते) कुठलं ते विचारेल, ते नीट निवडा. वेगळं ‘बूट/ईएफआय’ पार्टिशन जोडू का विचारलं तर हो म्हणा. पुढच्या यादीत ‘फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ’ अशी लांबलचक ओळ आहे (ग्रब म्हणजे डेबियन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम). ती निवडली की अर्ध्या मिनिटात काम होतं. पाऊण तासाचं इन्स्टॉल मी दोनदा उगाच केलं होतं, हे तेव्हा चांगलंच झोंबलं.

एवढ्यावर थांबू नका. पुढे ग्रबचं अपडेट आलं की दोन्ही ठिकाणच्या प्रती बदलायला हव्यात, नाहीतर ठरलेल्या पत्त्यावरची प्रत जुनी राहील. त्यासाठी डेबियन सुरू झाल्यावर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ ही आज्ञा ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ या पॅकेजवर चालवा. प्रश्नांमध्ये रिमूव्हेबल मीडिया पाथचा प्रश्न येतो. त्याला ‘येस’ म्हटलं की पुढच्या प्रत्येक अपडेटला दुसरी प्रतही बदलली जाते.

मशीनवर विंडोजही असेल तर आधी बघा, कारण त्या पत्त्यावर विंडोजची स्वतःची प्रत आधीच ठेवलेली असते. ती बदलल्याने विंडोज मरत नाही, त्याची खरी फाइल ‘ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट’ फोल्डरात असते. तरी जुनी प्रत दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा. मी असं काही करण्याआधी अख्खं ईएफआय पार्टिशनच पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. त्यातला माल फार तर शे-दोनशे एमबी भरतो, आळस करायला जागा नाही.

उबुंटू-मिंटवाल्यांना दिसणारं त्याच रोगाचं दुसरं रूप

उबुंटू आणि त्यावर बेतलेलं मिंट त्या ठरलेल्या पत्त्यावर आपल्या फाइली आपणहून ठेवतात. मग त्यांना त्रास व्हायला नको ना? होतो, पण वेगळा. तिथे बूटएक्स६४ या नावाने शिम असतो (सिक्युअर बूटसाठी, म्हणजे सही नसलेलं काही सुरू न होऊ देणाऱ्या सोयीसाठी, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा छोटा मधला प्रोग्रॅम) आणि शेजारी ‘एफबीएक्स६४.ईएफआय’ नावाची फाइल. शिमला या फोल्डरातून चालवलं आणि शेजारी ही फाइल दिसली, की तो समजतो नोंद हरवली आहे. मग ती फाइल नोंद पुन्हा घालते, आणि मशीनमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) असेल तर मशीन रीसेट करते. कल्पना चांगली आहे. पण नोंद लगेच विसरणाऱ्या फर्मवेअरवर ती बैलाच्या घाण्यासारखी फिरत राहते: नोंद घाल, रीसेट, नोंद नाही, नोंद घाल, रीसेट. क्षणभर ‘बूट ऑप्शन रिस्टोरेशन’ असं लिहिलेला निळा पडदा, उलटी मोजणी, आणि पुन्हा कंपनीचा लोगो.

हे दिसलं की लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआय पार्टिशन जोडा, ‘बूट’ फोल्डरातल्या एफबीएक्स६४ चं नाव बदला आणि ‘उबुंटू’ फोल्डरातली ‘ग्रबएक्स६४.ईएफआय’ तिथे कॉपी करा. शिम शेजारचा ग्रब उचलतो आणि घाणा थांबतो. ‘उबुंटू’ फोल्डर मात्र पुसू नका. सही असलेला ग्रब आपली सेटिंगची फाइल तिथेच शोधतो. अपडेटनंतर एफबीएक्स६४ परत येऊ शकते, हे लक्षात असू द्या.

आमचा सहावा लॅपटॉप

दोघांपैकी एक या उपायाने सुधारला. दुसरा सहाव्या नंबरचा, तो महाखट. ठरलेल्या पत्त्यावर फाइल ठेवली तरी आतल्या डिस्ककडे बघायलाच तयार नाही. मॉडेल तेच, पण फर्मवेअरची आवृत्ती बाकी पाचांपेक्षा जुनी.

अशा मशीनच्या फर्मवेअरमध्ये विंडोजचा पत्ता जणू गोंदलेला असतो. हे ऐकायला अतिशयोक्ती वाटेल, पण याहून मजेदार प्रकार नोंदला गेलेला आहे. २०१२ साली लिनक्सच्या बूट यंत्रणेवर काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांना लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपवर असं आढळलं, की फर्मवेअर नोंदीचं नाव वाचतं आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ हीच दोन नावं चालवून घेतं. फेडोराची नोंद केली तर दाद नाही. नाव फक्त माणसाला मेनूत दिसण्यापुरतं असतं, त्यावरून पारख करायची असं कुठल्याही नियमात नाही. पण फर्मवेअर लिहिणाऱ्याने दोनच सिस्टिमवर तपासलं असेल तर त्याच्यासाठी जगात दोनच सिस्टिम.

तेव्हा सहाव्याला विंडोजचा वेश चढवला. ‘ईएफआय’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘बूट’ असं फोल्डर केलं. त्यात शिमची प्रत ‘बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’ या नावाने ठेवली आणि शेजारी ग्रबएक्स६४. लॅपटॉप निमूट सुरू झाला. बूट मेनूत आता ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसतं आणि निवडलं की डेबियन येतं. एक मुलगा म्हणाला, “दादा, याच्यावर विंडोज आहे आणि तुम्ही आम्हाला सांगत नाही.”

हा उपाय मशीनवर विंडोज नसेल तरच करा. विंडोज असेल तर ती त्याची खरी फाइल आहे, आणि तुम्ही बदललीत तरी एखाद्या अपडेटला ते आपली परत आणून बसवेल. दोन्ही सिस्टिम असणाऱ्यांनी विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेने बूट मॅनेजरचा ‘पाथ’ शिमकडे वळवावा. नोंद विंडोजच्या नावाचीच राहते, फक्त बोट दुसऱ्या फाइलकडे. बरेच हट्टी लॅपटॉप एवढ्यावर ऐकतात.

खरं तर सहाव्याचं फर्मवेअर आधी अपडेट करायला हवं होतं. तो क्रमाने पहिला उपाय, आणि मी तो शेवटी करणार होतो. पण त्या मॉडेलचं अपडेट फक्त विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या रूपात मिळतं, आणि बॅटरीत पुरेसा चार्ज असल्याशिवाय तो प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. आमच्या बॅटऱ्यांचं वर सांगितलंच. तुमच्या मशीनचं अपडेट ‘एफडब्ल्यूअपडी’ या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत लिनक्समधूनच मिळत असेल तर नशीबवान आहात, ते आधी करा.

तोंडावळा सारखा, आजार वेगळा

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही: विंडोज पुन्हा टाकताना हल्ली नेहमी विचारला जाणारा प्रश्न. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला त्याचा ड्रायव्हर माहीत नसतो. डिस्क मेली असं समजून नवी घेणारेही भेटलेत. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या, पेनड्राइव्हवर मोकळा करून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. किंवा सेटअपमध्ये व्हीएमडी बंद करा. एसरच्या काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसतो. जुन्या पिढ्यांवर हाच प्रकार ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ या नावाने भेटतो, आणि तिथे लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. त्यावर सेटअपमध्ये एएचसीआय (डिस्क थेट दिसण्याची नेहमीची पद्धत) निवडा. पण विंडोज आधीपासून असेल तर थेट बदलू नका, निळा पडदा येईल. आधी बीसीडीएडिटने ‘सेफबूट मिनिमल’ लावा, रीस्टार्ट करताना सेटअपमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग सेफबूट काढा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

‘व्हेरिफायिंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ असं म्हणून मशीन बंद: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम बाद ठरवले आणि दोन सिस्टिम ठेवणारे बरेच लोक लटकले. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये ‘मोकयूटिल’ या आज्ञेने एसबॅट पॉलिसी (कुठले शिम बाद ते ठरवणारी नोंद) पुसा, शिम अपडेट करा, पुन्हा चालू करा. वर सांगितलेल्या हाताने ठेवलेल्या प्रतींना हाच धोका आहे. अपडेट त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि एक दिवस त्या बाद ठरतात. सहाव्या लॅपटॉपवर म्हणून मी सिक्युअर बूट बंदच ठेवलं आहे. अभ्यासिकेच्या लॅपटॉपपुरता हा सौदा मला मान्य आहे, स्वतःच्या मशीनवर केला नसता.

‘जीपीटी पार्टिशन स्टाइल’ची तक्रार करून विंडोज अडतं: पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झालाय. डिस्क पुसू नका, ‘यूईएफआय’वाली ओळ निवडून पुन्हा सुरू करा.

पेनड्राइव्ह मेनूत येतच नाही आणि मशीन २०१४-१५ चं स्वस्त टॅबलेट-लॅपटॉप आहे: प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं. अशांना ‘बूटआयए३२.ईएफआय’ लागते. डेबियनमध्ये ती असते, बऱ्याच इतरांच्या पेनड्राइव्हवर नसते.

एक काम मुळीच करू नका

नोंद टिकत नाही म्हणून रोज नवी घालत बसू नका, आणि रागाने सगळ्या नोंदी पुसूही नका. ती चिप लहान असते आणि काही फर्मवेअर ती भरल्यावर उठतच नाहीत. २०१३ साली सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स यूईएफआय पद्धतीने सुरू करताच कायमचे बंद पडले, आणि नंतर लक्षात आलं की विंडोजमधूनही चिपमध्ये फार माहिती भरली तर तेच होतं. तेव्हापासून लिनक्सचा कर्नल तिथे पाच केबी जागा राखून ठेवतो. उलट बाजूने २०१६ मध्ये सगळ्या फाइली पुसण्याच्या आज्ञेबरोबर एनव्हीरॅममधल्या गोष्टीही पुसल्या गेल्या आणि काही मशीन विटेसारखी निपचित पडली. त्यावर कर्नल ४.५ पासून बहुतेक नोंदींना कुलूप लागलं. जुन्या, दुबार नोंदी असतील तर नंबर बघून एकेक काढा, बस.

उपाय लागू झाला का हे रीस्टार्ट करून कळत नाही. मशीन बंद करा, चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सहाव्याला मी सलग चार रात्री असं ठेवलं. पाचव्या दिवशी वॉचमन काकांनी विचारलं, हा लॅपटॉप रोज उघडा का पडलेला असतो, चोरी झाली तर जबाबदारी कोणाची. मग बॅटरी लावून मांडणीवर ठेवून दिला. खाली कागद चिकटवला आहे: ‘बूट मेनूत विंडोज दिसेल. तेच दाबा.’